पान सत्त्याऐंशी, ओळ चौथी

बिश्केक,
४ फेब्रुवारी २००२

आदरणीय तायाके,

हे पत्र अपाला दाखवू नका. पोस्टात टाकलं असतं तर तुमच्या आधी निम्म्या गावानं वाचलं असतं, म्हणून झुमाशच्या गाडीतून पाठवते आहे. "शाळेत जाईन आणि मास्तरांच्याच हातात देईन," असं त्याच्याकडून तीनदा वदवून घेतलंय.

मला तीन कुइरुक लागले आहेत. इथली मुलं नापास झालेल्या विषयाला शेपूट म्हणतात, कारण तो पुढच्या सत्रातही मागून फरफटत येतो. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास. तिन्हींत शून्य. कमी गुण नव्हेत तायाके, शून्य.

आमचं विद्यापीठ नव्या, अमेरिकी पद्धतीचं. इथे लगेच काढून टाकत नाहीत. आधी एक हिरवा कागद देतात, त्यावर 'प्रोबेशन' असा शब्द असतो. म्हणजे जूनपर्यंत माझ्यावर नजर ठेवणार. जूनमध्ये तिन्हींची फेरपरीक्षा. निदान दोन विषय सुटले पाहिजेत आणि चारपैकी सरासरी दोनच्या वर गेली पाहिजे. नाही गेली तर नाव कापलं. एकदा कापलं की पुन्हा जोडत नाहीत.

हिरव्या कागदावर पालकांची सही हवी, एक मार्चच्या आत. आई म्हणून अपाकडे तो पाठवायची माझी हिंमत नाही. मी निघाले त्या दिवशी तिनं अख्ख्या गल्लीत कणकेचे बोऊरसोक वाटले होते. तळताना हात भाजला तरी हसत होती. सही तुम्ही करा. जेएननं, बहिणीच्या लेकरानं, मागितलं तर मामाला नाही म्हणता येत नाही, असं तुम्हीच लहानपणी सांगायचात आणि मी तुमच्या टोपीपासून चाकूपर्यंत सगळं मागून न्यायची. आता एवढंच मागते.

परीक्षेच्या वेळी मला सर्दी झाली होती. त्यानं झालं.

तुमची जेएन,
बुरुल

*

अत-बाशी,
१५ फेब्रुवारी

हे बुरुल! (संबोधन, एकवचन)

सर्दी एका वेळी एकाच नाकाला होते असा माझा समज होता. तीन विषयांना एकदम झाली, म्हणजे साथच म्हणायची. ती साथ नाच-गाण्याच्या कुठल्या जागी लागली ते मी विचारत नाही. मामानं काही गोष्टी विचारू नयेत.

सही केली आहे. 'नातं' या रकान्यात मामा लिहिलं. 'शिक्षण' या रकान्यात 'लेनिनग्राड' एवढंच लिहिलं. शहराचं नाव म्हणजे काही शिक्षण नव्हे, पण आपल्याकडे चालतं.

आता वाईट बातमी. झुमाशनं दिलेला शब्द पाळला, पत्र माझ्याच हातात दिलं; फक्त देताना तुझी आई माझ्या शेजारी उभी होती. तुझ्या आईला वाचता येतं ही मी आजवर चांगली गोष्ट समजत होतो. मी कागद दुमडेपर्यंत तिला एकच ओळ दिसली.

"तीन कुइरुक?" ती म्हणाली. "तीन घरं?"

मला आधी कळेना. मग तिच्या डोळ्यांत पाणी बघितलं आणि कळलं. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मेंढीच्या शेपटीची चरबी आणि काळीज एका ताटात खातात. तिच्या लेखी कुइरुक म्हणजे तेच, दुसरं काय असणार? तीन घरांनी तुला मागणी घातली, असं तिनं गृहीत धरलं.

"कुठली माणसं आहेत? बिश्केकची?"

"अजून कुणी काही खाल्लेलं नाही," मी म्हणालो. व्याकरणाच्या दृष्टीनं हे संपूर्ण सत्य आहे.

तर ती आता लोकर पिंजायला बसली आहे. तुझ्या लग्नासाठी, जमिनीवर अंथरायला, लोकरीच्या नमद्याचा शिरदाक करणार. लाल आणि काळा. मी तिला थांबवलं नाही. भित्रा म्हण हवं तर. तुझं गुपित राखायचं म्हणजे तिचा आनंद राखणं आलं, असं मी स्वतःला समजावलं.

उपाय तुला माहीत आहे. तू सहा वर्षांची असताना मी तुला शिकवला तोच. मी लेनिनग्राडला संस्कृत शिकायला गेलो (खरं तर चिनी हवं होतं, पण रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्यानं शेवटची जागा घेतली), तेव्हा मला रशियनही धड येत नव्हतं. पण मी रूपं पाठ केली. एकवचन, द्विवचन, बहुवचन. आठ विभक्त्या, झोपेतसुद्धा. आधी कंठात, मग डोक्यात. एका पारायणाला समासात एक ठिपका. शंभर ठिपके झाल्याशिवाय पान उलटायचं नाही. पहाटे उठ, पाठ कर. दुसरा मार्ग मला ठाऊक नाही.

सोबत सुकवलेल्या दह्याचे कुरुत पाठवतो आहे. पाठांतर करताना एक गोळी गालात धरली की घसा कोरडा पडत नाही.

तुझा,
कासिमअली तायाके

*

बिश्केक,
२ मार्च

तायाके,

कागद वेळेत पोचला. उपकार झाले.

पण अपाला तुम्ही खरं सांगायला हवं होतं. काल तिनं झुमाशबरोबर निरोप पाठवला: "तिघांतला जो आईशी नीट बोलतो तो निवड." झुमाशनं तो वसतिगृहाच्या दारात, सगळ्या मुलींसमोर मोठ्यानं सांगितला. खोलीतल्या मुली दिवसभर हसत होत्या. मला त्या 'मिर्क' म्हणतात, म्हणजे डोंगरातून आलेली अडाणी. माझ्या रशियनला हसतात. वर्गात मी तोंड उघडत नाही, म्हणून कुणाला माझा आवाज माहीत नाही. सप्टेंबरपासून मी वर्गात एकही प्रश्न विचारलेला नाही. कसा विचारणार? प्रश्न विचारायलाही वाक्य बनवावं लागतं.

आणि कृपा करून मला पाठांतर कर म्हणू नका.

आता खरं लिहिते. शून्य सर्दीनं मिळालं नाही. त्यांचं म्हणणं आहे की मी नक्कल केली. तिन्ही पेपरांत. बारा एप्रिलला मला समितीपुढे उभं करणार आहेत. नक्कल सिद्ध झाली तर जूनची वाटसुद्धा बघायची नाही, त्याच दिवशी नाव कापणार. मी तिथे काही बोलणार नाही. बोलले तर ज्याला लागायचं त्याला लागेल. ते मला नको आहे.

केस विंचरताना मूठभर हातात येतात. डीनच्या खोलीवरून जावं लागू नये म्हणून मी मागच्या जिन्यानं जाते आणि मग कळतं की आपण रोज दोनदा पळून जातोय.

एक मागणं आहे. समितीच्या अध्यक्ष बाईंनी, एजेंनी, विचारलं, "घरात कुणी शिकलेलं आहे?" मी म्हटलं, माझे मामा लेनिनग्राडचे पदवीधर आहेत, मला त्यांनीच शिकवलं. त्या म्हणाल्या, मग त्यांचं पत्र आण, या मुलीला आपण ओळखतो, ती अशी नाही, असं. खाली त्यांच्या पदवीचा क्रमांक असू दे.

लिहाल ना?

बुरुल

*

अत-बाशी,
१४ मार्च

बुरुल,

नक्कल?

तुझ्या पत्रातला तो एक शब्द वाचून पुढचं मला दोन दिवस वाचवलं नाही. नापास होण्यात लाज नाही; माणूस खाली पडतो, उठतो. पण दुसऱ्याच्या कागदात डोकावणं? माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलीनं?

आणि "ज्याला लागायचं त्याला लागेल" म्हणजे काय? कुणाला वाचवते आहेस? तो मुलगा कोण? तुझी आई तीन मुलं शोधते आहे. मला एकच सापडला तरी पुरे, मी त्याचे कान उपटीन.

समितीला पत्र मी लिहिणार नाही. ज्या गोष्टीची मला खात्री नाही, तिच्याखाली मी पदवीचा क्रमांक घालू शकत नाही. लेनिनग्राडला आम्हाला असं शिकवलं नव्हतं.

खरं काय ते लिही. मग बघू.

कासिमअली

*

अत-बाशी,
७ एप्रिल

बुरुल, बाळ,

तीन आठवडे तुझं पत्र नाही. आधी वाटलं, दोलोन घाटात बर्फ पडलाय, रस्ता बंद असेल. मग झुमाश दोनदा येऊन गेला आणि माझं कारण संपलं. आज सकाळी तो तिसऱ्यांदा आला तो गाठोडं घेऊन. तुझी पुस्तकं. "घेऊन जा म्हणाली, आता लागणार नाहीत. पश्चिमेच्या बस अड्ड्यावर बसली होती. म्हटलं, चल, गाडीत जागा आहे, तर उठलीही नाही अन् परत वसतिगृहाकडेही जाईना. तासभर बघितलं मी. तिथेच बसलेली."

मी झुमाशला थांबवून ठेवलं आहे. त्याला चहावर चहा पाजतो आहे आणि हे लिहितो आहे. जे काही लिहायचं ते त्याचं पोट भरायच्या आत.

मी अर्थशास्त्राचं पुस्तक उघडलं. समासात ठिपके. पेन्सिलीचे, बारीक, दहा-दहाच्या ओळीत. प्रत्येक पानाला शंभर. इतिहासाला शंभर. समाजशास्त्राला शंभर. तीन पुस्तकं मिळून किती होतात ते मी मोजायला लागलो आणि मग मोजवेना.

पान सत्त्याऐंशी, ओळ चौथी. पुस्तकात छापलंय, "पुरवठा वाढला की किंमत वाढते." कमी होते, असं हवं. छापणाऱ्याची चूक. त्या ओळीखाली पेपर तपासणाऱ्या कुणीतरी लाल शाईनं रेघ मारून 'नकलेचा पुरावा' असं लिहिलं आहे.

तर तू दुसऱ्याच्या कागदात डोकावली नव्हतीस. तू पुस्तकच कागदावर ओतलंस. चुकीसकट. स्वल्पविरामासकट. आणि एवढे दिवस गप्प बसलीस, कारण खरं बोललीस असतीस तर मला लागलं असतं. तो मुलगा मीच. कान कुणाचे उपटू?

आता मी खरं लिहितो. हे आजवर मी तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही.

माझ्याकडे पदवी नाही. क्रमांक देणार कुठून?

लेनिनग्राडला दोन वर्षं मी पाठांतरावर काढली. सगळे थक्क व्हायचे: डोंगरातला पोरगा, ग्रंथच्या ग्रंथ म्हणतो. तिसऱ्या वर्षी निना आर्काद्येव्ना नावाच्या बाई आल्या. बुटक्या, खोकणाऱ्या. त्यांनी तोंडी परीक्षेत एक श्लोक म्हणायला लावला. चातक नावाच्या पक्ष्याचा. मी खणखणीत म्हटला. त्या म्हणाल्या, "सुंदर. आता सांगा, कासिमअली, समोर नदी वाहते आहे आणि हा पक्षी तहानेनं मरतो आहे. तो नदीचं पाणी का पीत नाही?"

मी श्लोक पुन्हा म्हटला.

"नाही, नाही. का?"

मी तिसऱ्यांदा म्हटला, जरा मोठ्यानं. वर्गात कुणीतरी हसलं.

त्यांनी मला काढलं नाही, बुरुल. शरद ऋतूपर्यंत मुदत दिली. म्हणाल्या, उन्हाळाभर माझ्याकडे या, चहा पिऊ, बोलू. दार उघडं होतं. मी गेलो नाही. त्यांच्याकडे जायचं म्हणजे मला काही कळत नाही हे मोठ्यानं कबूल करायचं. मी लेनिनग्राडच्याच मॉस्को स्टेशनवर एक दिवस बसलो आणि मग गाडी पकडली. गावात सांगितलं, पदवी टपालानं येते आहे. अठ्ठावीस वर्षं ती येतेच आहे.

सगळ्यांना वाटतं, एवढा विद्वान माणूस कायमची नोकरी अभिमानानं नाकारतो. खरं असं की कागद नसल्यामुळे शाळा मला दरवर्षी नव्यानं 'हंगामी' नेमते. तुझ्या त्या हिरव्या कागदावरचा शब्द मी कोशात बघितला. लॅटिन धातू आहे. अर्थ, पारखून घेणं. म्हणजे तू दोन महिने प्रोबेशनवर आहेस आणि मी अठ्ठावीस वर्षं. अनुभवी माणसाचं ऐक: उठून आत जा.

सोबत दुसरा लिफाफा आहे, समितीसाठी. त्यात हेच लिहिलंय, थोडक्यात. खाली सही अशी: कासिमअली, हंगामी शिक्षक, तिसरं वर्ष अपूर्ण. आणि तुझी तिन्ही पुस्तकं परत पाठवतो आहे. ठिपके दाखव. ठिपके खोटं बोलत नाहीत, ते बोलायचं काम मी केलं.

झुमाश चौथा पेला पालथा घालतो आहे. बारा तारखेला जा. गेली नाहीस तर तुला कुणी काढलं असं होणार नाही, तू निघून गेलीस असं होईल. त्यातला फरक मला विचार.

तायाके

*

बिश्केक,
१६ एप्रिल

तायाके,

गेले. अड्ड्यावरून त्या संध्याकाळी वसतिगृहातच परतले होते, तुमचं पत्र तिथे दहाला मिळालं. अकरा तारखेला दिवसभर रडले, बाराला गेले.

लांब टेबल होतं, पाच माणसं. अध्यक्ष एजेंनी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. वाचताना "तिसरं वर्ष अपूर्ण" इथे त्या थांबल्या, चष्मा काढला, पुसला. म्हणाल्या, "या माणसानं तुझ्यासाठी स्वतःविरुद्ध साक्ष दिली आहे. हे त्याच्या शाळेत माहीत आहे?" मी म्हटलं, "नाही, एजे."

मग अर्थशास्त्राचे सर, ओमुरोव आगाय, म्हणाले, "बघू तरी. पान सत्त्याऐंशी."

मी पाठ म्हटलं. एजे पुस्तकावर बोट ठेवून बसल्या होत्या.

"पुढचं."

अठ्ठ्याऐंशी म्हटलं.

"मागे जा. चौऱ्याऐंशी."

तेही म्हटलं. कोपऱ्यातले एक सर म्हणाले, "अरे, ही तळटीपसुद्धा म्हणते आहे!" ते हसले, पण वाईट हसले नाहीत. एजेंनी पुस्तक मिटलं. "नक्कल नाही. हे काहीतरी वेगळंच आहे."

मला वाटलं, सुटले. पण ओमुरोव आगाय उठून माझ्यासमोर आले. "पुरवठा वाढला की किंमत कमी होते. का?"

माझं तोंड आपोआप उघडलं आणि अठ्ठ्याऐंशी पान सुरू झालं.

"पुस्तक नको. का?"

तायाके, मला तो पक्षी आठवला. मी टेबलाच्या पायाकडे बघत होते. आता म्हणतील, जा.

"कुठली तू?"

"अत-बाशीची."

"मग रविवारचा जनावरांचा बाजार बघितला असशील."

"बघितला असेन म्हणजे? मी त्यातच वाढले, आगाय."

"ऑक्टोबर आहे. सगळे कुरणांवरून खाली आलेत, सगळ्यांना हिवाळ्याआधी मेंढ्या विकायच्यात. तू गिऱ्हाईक आहेस. काय करशील?"

"दुपारपर्यंत काहीच नाही. नुसती फिरेन."

"का?"

"घाई त्यांना आहे, मला कुठे आहे? मग एका मेंढीच्या पाठीवर हात ठेवायचा आणि बघायचं शेजारच्याच्या मेंढीकडे. तो आपणच खाली येतो. नाही आला तर शेजारचा येतो. मेंढ्या आहेत ढीगभर. परत वर घेऊन जायची कुणाचीच तयारी नसते."

आता सगळे हसत होते. मी रशियनमध्ये बोलत होते हे मला नंतर कळलं. चुका शंभर झाल्या असतील.

ओमुरोव आगाय म्हणाले, "अगं, मग हे पेपरात का नाही लिहिलंस?"

"हे?" मी म्हटलं. "हे तर कुणालाही माहीत असतं, आगाय. हे अभ्यासात कसं येईल?"

त्यावर कुणी हसलं नाही.

नकलेचा आरोप काढला. पण शून्य तशीच आहेत आणि प्रोबेशनही. "पाठांतराला गुण नाहीत," एजे म्हणाल्या, "जूनमध्ये स्वतःच्या शब्दांत लिही. पुस्तकातलं सलग एक वाक्यही दिसलं तरी मी तुला वाचवू शकणार नाही."

माझ्याकडे स्वतःचे शब्द नाहीत, तायाके. किर्गीझ आहेत, ते मेंढ्यांचे आहेत. रशियन आहेत, ते पुस्तकाचे आहेत. दोन महिन्यांत कुठून आणू? रोज कागद समोर घेते आणि पहिल्याच ओळीला पुस्तक बोलायला लागतं. हात थांबवला तर कागद कोरा राहतो. काल तीन तास कोरा होता.

बुरुल

*

अत-बाशी,
२८ एप्रिल

हे बुरुल,

समितीला कळलेलं गावाला तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून मी मुख्याध्यापकांकडे गेलो. दारातच पदवी नसल्याचं सांगून टाकलं. ते म्हणाले, "तुमच्या फायलीत पदवीची जागा रिकामी आहे, ती मला सत्त्याण्णव सालापासून दिसते. बसा, मास्तर. दहावीला रशियन कोण शिकवणार, तुमचा पक्षी?" म्हणजे पक्ष्याची गोष्ट झुमाशनं वाटेत वाचली आहे. लिफाफा यापुढे डिंकानं चिकटव.

तुझ्या आईकडे जायला मात्र पाय उचलेनात. ती शिरदाकाला टाके घालत होती, निम्मा झालाय. मी म्हटलं, "ते कुइरुक मागणीचे नव्हते. पोरगी तीन विषयांत नापास आहे."

"म्हणजे तीन घरं नाहीत?"

"एकही नाही."

ती थांबली. सुई तोंडात धरली. मला वाटलं, आता उसवेल. मग म्हणाली, "त्या वसतिगृहात फरशी गार असते का रे?"

"असेल."

"मग पुरा करते," म्हणाली आणि टाका घातला. थोड्या वेळानं, वर न बघता, "अठ्ठावीस वर्षं तू माझ्याशीही खोटं बोललास." यावर माझ्याकडे विनोद नव्हता. अजून नाही.

आता कामाचं. दर आठवड्याला मला एक पान लिहायचं. विषय तुझे, भाषा रशियन, पुस्तक उशीखाली. मी चुका सुधारणार नाही, शिकवणार नाही. शिकवून काय होतं ते आपण बघितलंय. मी फक्त समासात 'का?' लिहून परत पाठवीन. ठिपक्यांऐवजी.

एक गंमत: तू शिकतेस त्या शास्त्राला संस्कृतात अर्थशास्त्र म्हणतात आणि शब्दाच्या मतलबालाही अर्थ म्हणतात. शब्द एकच. मी तो चोवीस वेळा चालवला होता, सर्व विभक्त्यांत, तिन्ही वचनांत. आज कळला.

कोरा कागद पाठवलास तरी चालेल. त्यावरही 'का?' लिहीन.

तायाके

*

बिश्केक,
२१ जून

आदरणीय तायाके,

(डिंकानं चिकटवलंय. झुमाश, तरीही वाचत असशील तर अपाला आधी हे सांग की पोरगी ठीक आहे.)

निकाल लागला. इतिहास सुटला. समाजशास्त्र नाही सुटलं. तिथे निम्म्या पेपरात भीतीनं पुस्तकच बोललं, बाईंनी चार वाक्यं ओळखली. उरलं अर्थशास्त्र. ते गेलं असतं तर आज मी झुमाशच्या गाडीत असते. यादी फळ्यावर लावली तेव्हा मी जिन्यातच उभी राहिले, मागच्या नाही, पुढच्या जिन्यात, आणि खोलीतल्या ऐनुराला म्हटलं, तू बघून ये. ती ओरडली, "मिर्क, एकसष्ट!" साठला पास.

सरासरी दोन पूर्णांक शून्य चार. नाव राहिलं. हिरवा कागद नवा मिळाला, डिसेंबरपर्यंत. एक कुइरुक अजून मागे आहे. डिसेंबर काही लांब नाही. पण कोरा कागद आता अर्ध्या तासात भरतो. तुमची सातही 'का?' पत्रं भिंतीला चिकटवली आहेत. मुली विचारतात, हा कोण बाबा, याला काहीच कसं माहीत नाही?

ओमुरोव आगायांनी पेपर दाखवला. मी लिहिलं होतं की ज्या वर्षी बर्फाखाली गवत मिळत नाही आणि जनावरं मरतात, त्या वर्षी मांस लगेच महाग होतं. त्यांनी त्यावर लाल काट मारली होती. "लगेच नाही. आधी सगळे घाबरून विकायला धावतात, भाव पडतो. मग चढतो. हे चुकीचं कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"कुठल्याच नाही, आगाय. ही चूक माझी आहे."

"स्वतःची?"

"स्वतःची."

त्यांनी गुण कापले ते कापलेच. पण पेपर परत घेताना दुमडला नाही, सरळ ठेवला.

अपाचा शिरदाक पोचला. लाल आणि काळा, खोलीभर. ऐनुरा त्यावर झोपते आणि मला मिर्क म्हणते.

आता तुमचं. जेएनचं मागणं आहे, नाही म्हणता येणार नाही. समोर नदी वाहते आहे आणि तो पक्षी तहानेनं मरतो आहे. तो नदीचं पाणी का पीत नाही? श्लोक नको. एक पान, स्वतःच्या शब्दांत, ग्रंथ उशीखाली ठेवून. मुदत शरद ऋतूपर्यंत, मागच्या वेळेसारखीच.

तोवर तुम्ही प्रोबेशनवर.

तुमची,
बुरुल